बँकेच्या वहीत नंबर कुणाचा? यूपीआय जोडण्याआधी हे बघा

‘या नंबरवर खातं सापडलं नाही.’ अक्कांच्या नव्या फोनवर ही ओळ तिसऱ्यांदा उमटली, तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि परत विड्यांच्या सुपाकडं वळल्या. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं आमची गल्ली. दुपारी कुठल्याही उंबऱ्यावर बघा, फर्म्यावर कापलेली पानं, मांडीवर सूप आणि न थांबणारे हात दिसतील. अक्कांची मजुरी खात्यात जमा होते. ती काढायला एटीएमपर्यंत जायचं म्हणजे रिक्षाचे पैसे आणि अर्ध्या दिवसाच्या विड्या बुडतात. म्हणून त्यांना किराणावाल्याला फोनवरून पैसे द्यायला शिकायचं होतं.

“नंबर दिलेला हाय की ताई बँकेत,” त्या म्हणाल्या.

“कुणाचा दिलाय?”

जरा वेळ लागला आठवायला. खातं काढलं तेव्हा घरात एकच फोन होता, पुतण्याचा. पुतण्या आता पुण्यात असतो आणि तो नंबर त्यानं केव्हाच सोडून दिलाय.

मी सव्वीस वर्षं सोलापुरातल्या एका बँकेच्या काउंटरवर काढली. निवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या बायका फोन घेऊन माझ्याकडं येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, “ताई, कुठलं ॲप चांगलं?” मला वाटतं, हा प्रश्न फार नंतरचा आहे. पहिला प्रश्न हा, की बँकेत तुमच्या खात्यासमोर जो मोबाइल नंबर लिहिलाय तो आज कुणाच्या हातात आहे? खातं जोडण्याची सगळी व्यवस्था त्या दहा आकड्यांवर उभी आहे. ते आकडे दुसऱ्याच्या खिशात असतील, तर कुठलंही ॲप तुम्हाला वाचवू शकणार नाही.

असं का, ते समजायला आत काय घडतं ते थोडं बघू.

यूपीआय म्हणजे पाकीट नाही. पैसे त्यात भरून ठेवायचे नसतात. पैसे तुमच्या बँकेतच राहतात, ॲप फक्त निरोप नेतं की या खात्यातून इतके पैसे त्या खात्यात टाका. हा निरोप एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पोहोचवणारी यंत्रणा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची आहे. ही संस्था २००८ मध्ये उभी राहिली आणि तिनं एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आणलं. फोनपे, गूगल पे, भीम, बँकांची स्वतःची ॲप ही सगळी त्याच यंत्रणेची वेगवेगळी दारं. म्हणून एकाचं ॲप एक आणि दुसऱ्याचं दुसरं असलं तरी पैसे जातात.

आमच्या काउंटरवर पैसे काढायला कुणी आलं की आम्ही तीन गोष्टी बघायचो. पासबुक, पैसे काढायची स्लिप, आणि स्लिपवरची सही आमच्याकडच्या नमुना सहीशी जुळते का. तिन्ही जुळलं की पैसे मोजायचे. यूपीआयमध्ये समोर माणूसच नसतो, तरी तपासण्या तीनच आहेत: सिमकार्ड, फोन आणि पिन. चोराला तुमच्या खात्यातून पैसे न्यायचे तर या तीनपैकी काहीतरी तुमच्याकडून काढून घ्यावं लागतं. फसवणुकीच्या कहाण्या शंभर ऐकाल, पण प्रत्येकीत एवढंच शोधा की सिम गेलं, फोन गेला की पिन गेला. मग नवी कहाणी आली तरी ओळखू येते.

ॲपमध्ये ‘बँक खातं जोडा’ असं दाबलं की पहिल्यांदा ते तुमच्या सिमवरून आपोआप एक एसएमएस पाठवतं. त्यात अक्षरांची आणि आकड्यांची अर्थ न लागणारी माळ असते. तो एसएमएस कुठल्या नंबरवरून आला हे पाहून पलीकडच्या यंत्रणेची खात्री पटते की हा फोन आणि हा नंबर एकाच हातात आहे. फोनची आणि नंबरची गाठ तिथं बसते. बरेच जण या पहिल्याच पायरीवर अडतात आणि कारण अगदी साधं असतं. रिचार्ज संपलेला असतो, त्यामुळं एसएमएस बाहेर जात नाही. किंवा फोनमध्ये दोन सिमं असतात आणि बँकेत नसलेल्या नंबरचं सिम निवडलेलं असतं. आधी रिचार्ज करा, बरोबर सिम निवडा, वायफाय बंद करून बघा. बहुतेक वेळा काम होतं.

या एसएमएसबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगते, कारण याबद्दल फार कमी बोललं जातं. ही माळ ॲपनं स्वतःहून पाठवायची असते. कुणी फोन करून म्हणालं, “मी तुम्हाला एक मेसेज पाठवलाय, तो अमुक नंबरवर पुढं पाठवा,” तर तो माणूस त्याच्या फोनवर तुमचं खातं जोडायला बसलेला असण्याची शक्यता आहे. माळ त्याच्या ॲपनं तयार केलेली असते. ती तुमच्या सिमवरून गेली की यंत्रणेला वाटतं, हा फोन याच बाईचा. गाठ तुमच्या नंबरची बसते, पण त्याच्या फोनशी. तुम्ही ओटीपी सांगितलेला नसतो, पिनही सांगितलेला नसतो, तरी तीनपैकी पहिलं कुलूप तुम्ही स्वतःच्या हातानं उघडून दिलेलं असतं. न कळणारा मेसेज कुणाच्या सांगण्यावरून पुढं पाठवायचा नाही. बँकवाला म्हणून सांगितलं तरी नाही.

गाठ बसली की ॲप बँकांची यादी दाखवतं. आपली बँक निवडली की त्या बँकेत या नंबरवर कुठलं खातं आहे ते शोधलं जातं. अक्कांची गाडी इथंच अडली होती. सोलापुरात अजून एक घोळ होतो. इथं घरोघरी पतसंस्थेत खाती आहेत आणि बायका तिलाही ‘आमची बँक’च म्हणतात. पतसंस्था ही बँक नाही, त्यामुळं तिथलं खातं या यादीत दिसणार नाही. ॲप बिघडलंय असं समजून तिथं कुणाची मदत शोधत बसू नका, कारण मदतीच्या नावाखाली भलताच माणूस भेटतो.

खातं सापडलं की पिन तयार करायचा. त्यासाठी एटीएम कार्डाचे शेवटचे ६ आकडे आणि कार्डाच्या मुदतीचा महिना-वर्ष भरावं लागतं. मग बँकेकडून ओटीपी येतो. काही बँका एटीएमचा पिनही विचारतात. त्यानंतर तुम्ही स्वतः ४ किंवा ६ आकड्यांचा यूपीआय पिन ठरवता. कार्डाची मुदत संपली असेल तर इथं काम थांबतं. कपाटातल्या डब्यात पाकिटासकट ठेवलेली कार्डं मी कितीतरी पाहिलीत, आणि काढून बघितलं की मुदत दोन वर्षांपूर्वी गेलेली. कार्ड नसेल तर बऱ्याच बँका आधारवरून पिन करू देतात. पण त्यासाठी आधारला जोडलेला नंबर आणि बँकेतला नंबर एकच असावा लागतो. म्हणजे इथंही गाडी परत त्याच दहा आकड्यांवर येते.

इथं बायकांचा फार गोंधळ होतो, कारण आकडे चार प्रकारचे आणि सगळ्यांना ‘पिन’ म्हणायची सवय. फोन उघडायचा आकडा किंवा बोटाचा ठसा एक. ॲप उघडायचं कुलूप दुसरं. एटीएमचा पिन तिसरा. यूपीआय पिन चौथा. अक्कांनी चारही ठिकाणी एकच आकडा ठेवायचं ठरवलं होतं, आणि तो होता नातवाच्या जन्माचं साल. मी त्यांना निदान यूपीआय पिन वेगळा ठेवायला लावला. किराणा दुकानात उभं राहून फोन उघडताना तो आकडा चार जण बघतात, आणि फोनच्या कुलपाचा आकडाच पैशाचा आकडा असला तर फोन चोरणाऱ्याला दोन कुलपं एकदम मिळाली.

यूपीआय पिन जिथं टाकता ते पान तुमच्या ॲपचं नसतं. ॲप कुठलंही असो, पिनचं पान नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचं असतं आणि टाकलेले आकडे कुलूपबंद होऊन थेट बँकेकडं जातात. फोनपेवाल्याला किंवा गूगलवाल्याला तुमचा पिन कळत नाही आणि त्यांना त्याची गरजही पडत नाही. म्हणून “कंपनीतून बोलतोय, पिन सांगा” असं कुणी म्हणालं, तर तो कंपनीतला नाही हे त्या वाक्यानंच सिद्ध झालं.

आधी बँक, मग ॲप

अक्कांचं काम मी त्या दिवशी तिथंच थांबवलं. त्यांना राग आला थोडा. नवा फोन, उत्साह, आणि मी म्हणतेय सोमवारी बँकेत चला. पण नंबर बदलायचं काम शाखेत जाऊनच करावं, असं मी सगळ्यांना सांगते. पासबुक आणि आधार घेऊन जायचं, नंबर बदलण्याचा अर्ज भरायचा आणि पोच मागून घ्यायची. पाचशे रुपये घेऊन नंबर बदलून देतो म्हणणारी माणसं शाखेबाहेर भेटतात. तुमच्या खात्याची किल्ली कुणाच्या हाती असावी हे ठरवणारा तो अर्ज आहे. तो तुम्हीच भरायचा. लिहिता येत नसेल तर काउंटरवरच्या माणसाला सांगायचं, “तुम्हीच भरून द्या.” मी शेकड्यांनी भरून दिलेत, त्यात कमीपणा कसला?

नंबर खरंच बदलला का, हे बघायची सोपी रीत आहे. दोन-तीन दिवसांनी एटीएममधून शंभर रुपये काढा. बँकेचा मेसेज तुमच्या स्वतःच्या फोनवर आला तर काम झालं. आला नाही तर परत शाखा.

पुतण्याचा जुना नंबर तसाच राहिला तर काय बिघडतं, असं अक्कांनी विचारलं. बिघडतं ते असं. बंद झालेला नंबर टेलिफोन कंपनी कायमचा काढून टाकत नाही. निदान ९० दिवस तो रिकामा ठेवते आणि मग दुसऱ्या कुणालातरी देते. त्या अनोळखी माणसाच्या फोनवर तुमच्या खात्याचे मेसेज जाऊ लागतात, आणि त्याच्या मनात आलं तर तुमचं खातं शोधायची पहिली पायरी त्याला फुकट मिळते. म्हणून नंबर सोडायचा असेल तर आधी बँकेत बदला, आधारला बदला, आणि मग सिम सोडा. हा क्रम उलटा झाला की ओटीपी जुन्या नंबरवर जात राहतात आणि माणूस हात चोळत बसतो.

आणखी एक गैरसमज ‘लाडकी बहीण’ आल्यापासून वाढलाय. “माझं खातं लिंक आहे की, दर महिन्याला पैसे येतात,” असं बायका सांगतात. ते लिंक वेगळं. सरकारी योजनेचे पैसे आधार नंबरवरून खातं शोधून जमा होतात, त्यासाठी बँकेत आधार जोडलेलं असावं लागतं. मोबाइल नंबर जोडणं ही दुसरी गोष्ट आणि यूपीआय ही तिसरी. योजनेचे पैसे येतात याचा अर्थ नंबर बरोबर आहे असा होत नाही. अक्कांचेही पैसे येत होतेच. उलट, “केवायसी केली नाही तर हप्ता बंद होईल, या लिंकवर जा” असा मेसेज आला की बायका घाबरून दाबतात. हप्ता अडला तर त्याची चौकशी अंगणवाडीत, शाखेत किंवा सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावर करायची, मेसेजमधल्या लिंकवर नाही.

बँकांच्या संकेतस्थळांची मात्र आता एक चांगली खूण आहे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. हा शेवट बँकेलाच मिळतो. पत्त्याची शेपटी बघायची सवय लावून घ्या.

कुठलं खातं जोडावं

आयुष्याची पुंजी ज्या खात्यात आहे ते जोडू नका. मुलीच्या लग्नासाठी साठवलेले, भिशीतून मिळालेले, घर विकून आलेले पैसे ज्या खात्यात आहेत, त्याला फोनचं दार लावायचं कारणच काय? रोजच्या खर्चाचं छोटं खातं वेगळं ठेवावं आणि तेच जोडावं. आठवड्याला लागतील तेवढेच पैसे त्यात टाकावेत. आठवडी बाजाराला निघताना आपली आजी सगळी रोकड कमरेला लावायची नाही. थोडे पैसे चंचीत घ्यायची, बाकीचे ट्रंकेत ठेवायची. तसंच हे. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत असं खातं काढता येतं. तिथं दिवसअखेर २ लाखांपेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही, पण रोजच्या खर्चाला तेवढं लागतं कुणाला?

याहून छोटी चंची हवी असेल तर यूपीआय लाइट आहे. खात्यातून थोडे पैसे त्यात आधी टाकून ठेवायचे. चहा, भाजी, सिटीबस असे बारीक खर्च मग पिन न टाकता होतात. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत देता येतात आणि एकूण ५,००० च्या वर त्यात ठेवता येत नाहीत. पिन नाही म्हणजे फोन दुसऱ्याच्या हाती गेला तर तेवढे पैसे धोक्यात. पण धोका तेवढाच राहतो, आणि चारचौघांत पुन्हा पुन्हा पिन टाकावा लागत नाही. मला हा सौदा पटतो. फोनला कुलूप मात्र हवं.

नवीन जोडलेल्या खात्यातून पहिल्या २४ तासांत साधारण ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. लोकांना ही अडचण वाटते. चोरानं त्याच्या फोनवर तुमचं खातं जोडलं, तर त्यालाही हाच अडसर लागतो, हे लक्षात घ्या. पुढं सर्वसाधारण मर्यादा दिवसाला १ लाखाची आहे. बऱ्याच बँकांमध्ये ती आपल्याला कमी करून घेता येते. ज्यांचा व्यवहारच दोन-तीन हजारांचा, त्यांनी ती जरूर कमी करून घ्यावी.

साधा बटणाचा फोन असला तरी हे होतं. फोनवर स्टार ९९ हॅश (*९९#) हा नंबर लावून, किंवा मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या १२३पे सेवेतून. कुणी म्हणत असेल की यासाठी महागडा फोन हप्त्यानं घ्यावाच लागेल, तर तसं नाही.

पैसे यायला पिन लागत नाही

हे वाक्य आमच्या गल्लीत आता लहान पोरांनाही पाठ झालंय. पैसे जाताना पिन, येताना काही नाही. खात्यात पैसे जमा करायला काउंटरवर आम्ही कधी सही जुळवून बघायचो का? कुणीही येऊन तुमच्या खात्यात भरणा करू शकतो. सही लागायची ती काढताना. इथंही तसंच.

ओळखीच्या एका चादर-टॉवेल व्यापाऱ्याला फोन आला होता. बोलणारा म्हणाला, लष्कराच्या छावणीतून बोलतोय, दोनशे चादरी हव्यात, आगाऊ रक्कम आत्ताच पाठवतो. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड आला. “हा स्कॅन करा, पैसे जमा होतील.” व्यापारी शहाणा माणूस, दुकानात तीस वर्षं काढलेली. तरी मोठ्या ऑर्डरच्या घाईत त्यानं स्कॅन केलं आणि पिनचं पान उघडलं. मुलगा शेजारी होता, त्यानं फोन ओढून घेतला म्हणून वाचले. स्कॅन आपण पैसे देताना करतो. घेणाऱ्यानं आपला कोड दाखवायचा असतो. ज्यानं कोड पाठवून तुम्हालाच स्कॅन करायला सांगितलं, त्यानं भूमिका उलट्या केल्या, आणि ओळखायचं ते तिथंच.

‘पैसे मागण्याची विनंती’ पाठवून फसवण्याचा प्रकारही खूप चालायचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवणं बंद केलंय. दुकानं आणि कंपन्यांकडून येणारी विनंती मात्र अजून येते, तेव्हा आलेली विनंती वाचल्याशिवाय मान्य करू नये.

दुकानदारांना दोन गोष्टी सांगायच्यात. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर मरणाची गर्दी असते, आणि गर्दीत कुणीतरी तुमच्या कोडवर आपला कोड चिकटवून जाऊ शकतो. रोज सकाळी दुकान उघडताना स्वतः एकदा स्कॅन करून आपलंच नाव येतं का बघा. आणि गिऱ्हाइकानं दाखवलेल्या स्क्रीनवर विसंबू नका. तसली चित्रं तयार करता येतात. आपला स्पीकर बोलला किंवा आपल्या खात्यात दिसलं, तरच पैसे आले. देणाऱ्यानं नाव वाचायची सवय लावावी. ३० जून २०२५ पासून ॲपला समोरच्याचं बँकेत नोंदवलेलं नावच दाखवावं लागतं. पूर्वीसारखं कुणी स्वतःला हवं ते नाव लावून बसू शकत नाही. भाजीवाल्या मावशींचं म्हणून स्कॅन केलं आणि भलतंच नाव आलं, तर विचारायला लाजू नका.

फोन गेला की काय होतं ते सगळ्यांना कळतं, पण फोन खिशात असतानाही तो दुसऱ्याच्या ताब्यात जातो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, ट्रॅफिकच्या दंडाची पावती येते, आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ असं असतं. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. ते बसवलं आणि विचारेल त्याला ‘हो’ म्हणत गेलं, की तुमचे मेसेज तिकडच्या माणसाला दिसू लागतात. ओटीपी सांगायचीही गरज उरत नाही. दुसरा प्रकार ‘मदत’ करणाऱ्यांचा. पैसे अडकले म्हणून इंटरनेटवर बँकेचा मदत नंबर शोधायचा, वरच दिसलेल्या नंबरवर फोन लावायचा, आणि पलीकडचा म्हणतो, “हे ॲप घ्या, मला तुमची स्क्रीन दिसली की लगेच सोडवतो.” त्याला तुमचा पडदा दिसतो, म्हणजे तुमचा ओटीपीही दिसतो. मदत नंबर घ्यायचा तो पासबुकावरून, एटीएम कार्डाच्या मागून किंवा ॲपच्या आतून. बँकेकडून येणारे फोन आता १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरांवरून यायला हवेत असाही नियम झालाय. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘बँक मॅनेजर’ बोलू लागला तर फोन ठेवून द्या. खरा मॅनेजर असला तरी तो रागावणार नाही. मी त्यांच्यातच आयुष्य काढलंय.

आणि घरातली मदत? ह्यावर बोलायला अवघड जातं, पण बोलायला हवं. आमच्या गल्लीत निम्म्या बायकांचा पिन नातवाला पाठ आहे. नातू गुणी असतो, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण बाईनं दिवसभर बसून वळलेल्या विड्यांचा पैसा तिच्या एकटीच्या आकड्यानं निघावा, दुसऱ्याच्या नाही, असं मला मनापासून वाटतं. डोळ्यांना दिसत नाही, हात थरथरतो, म्हणून दुसऱ्यानं पैसे द्यायलाच लागत असतील तर यूपीआय सर्कल नावाची सोय २०२४ मध्ये आलीय. त्यात आपल्या खात्यातून घरातल्या माणसाला मर्यादेत खर्च करू देता येतो. त्याच्या फोनवरून, आपला पिन न सांगता. एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांच्या वर जाता येत नाही. मनात आलं की बंदही करता येतं.

गेलेच पैसे तर

आधी १९३० ला फोन. शेजारीपाजारी, भाऊ, जावई, सगळ्यांना नंतर. ही सरकारची सायबर फसवणुकीची मदतवाहिनी आहे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवत असतो. लवकर कळवलं तर मधल्या एखाद्या खात्यात ते गोठवता येतात. फोन करताना रक्कम, वेळ, बँकेचं नाव आणि व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक जवळ ठेवा. ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की तो दिसतो. लगेच दुसरा फोन बँकेला, यूपीआय आणि कार्ड बंद करायला. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये याबद्दल नियम घालून दिले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही ते लावले. तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही ३ कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंतच तुमच्या अंगावर, साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. त्यामुळं स्वतःची चूक झाली म्हणून लाजून दोन दिवस गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. माझ्या काउंटरवर एक गृहस्थ पाचव्या दिवशी आले होते, घरात कळेल म्हणून. त्या पाच दिवसांत आणखी तीनदा पैसे गेले होते.

फसवणूक नाही, नुसतेच पैसे अडकले, खात्यातून कापले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर घाबरू नका. व्यक्तीला पाठवलेले असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, दुकानदाराला दिलेले ५ दिवसांत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, त्यासाठी १४४४८ हा नंबर आहे.

फोन विकताना किंवा बदलताना ॲप नुसतं पुसू नका. आत जाऊन आधी खातं काढून टाका, मग ॲप, मग फोन कोरा करा. फोन चोरीला गेला तर पहिलं सिम बंद करा. आणि चांगलं नेटवर्क असणाऱ्या जागी अचानक तुमच्या फोनची रेंज गेली, तासभर आलीच नाही, तर दुसऱ्याच्या फोनवरून टेलिफोन कंपनीला विचारा, माझ्या नंबरचं नवं सिम कुणी काढलंय का. तसं असेल तर पहिलं कुलूप गेलं, बँकेला लगेच कळवायचं.

अक्कांचा नंबर बदलायला सोमवार ते गुरुवार लागले. शुक्रवारी एटीएममधून शंभर रुपये काढले आणि मेसेज त्यांच्या फोनवर टुणकन वाजला. संध्याकाळी खातं जोडलं. पिन टाकताना मी तोंड फिरवून बसले. त्यांनी किराणावाल्याला पहिले दहा रुपये पाठवले, नाव दोनदा वाचून घेतलं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, “ताई, विडी घरकुलात माझी बहीण ऱ्हाते. तिच्याबी खात्याला त्याच पुतण्याचा नंबर हाय.”

येत्या सोमवारी आम्ही तिघी बँकेत जातोय.